परिचर्येचे शिक्षण आणि पुराव्यावर उभी रुग्णसेवा

आपल्या निवासी शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलींपैकी अनेक जणी आज परिचर्या शिक्षणाकडे वळत आहेत, आणि अलीकडे काही मुलगेही त्या वाटेने जाऊ लागले आहेत. घरची परिस्थिती बेताची, शेती कोरडवाहू, धाकटी भावंडे शिकणारी. अशा वेळी तीन-चार वर्षांत हाताला काम देणारे शिक्षण पालकांना जवळचे वाटावे, हे स्वाभाविक आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु परिचर्येकडे आपण केवळ नोकरीची वाट म्हणून पाहतो, की अभ्यासाने आणि पडताळणीने वाढणारी एक विद्या म्हणून पाहतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण त्याच्या उत्तरावर उद्या कोणाचे तरी जगणे-मरणे अवलंबून राहणार आहे.

पैनगंगेच्या काठापर्यंत पसरलेल्या आपल्या हदगाव तालुक्याचे उदाहरण घ्यावे. एखाद्या वाडीवरच्या किंवा तांड्यावरच्या बाळंतिणीला अवेळी त्रास सुरू झाला, तर तिची पहिली गाठ बहुधा डॉक्टरांशी पडत नाही. ती पडते उपकेंद्रातील परिचारिकेशी. नांदेडचे मोठे रुग्णालय साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. तेथे पोहोचेपर्यंतच्या दोन-तीन तासांत त्या परिचारिकेने काय पाहिले, काय मोजले, काय केले आणि काय करायचे टाळले, यावर पुढचे सारे ठरते. म्हणून परिचर्येचे शिक्षण हा साऱ्या समाजाच्या आस्थेचा विषय आहे.

शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण

महावग्गातील चीवरक्खन्धकात आलेला एक प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. हा भिक्खू आपल्या काही उपयोगाचा नाही, असे मानून इतरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत आलेल्या बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले आणि आनंदाने त्या भिक्खूला स्वच्छ धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर बुद्धांनी भिक्खूंना एकत्र बोलावून समजाविले, की येथे तुमचे आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही, तर ती करणार कोण? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग आपण नेहमी करुणेचे उदाहरण म्हणून सांगतो आणि येथेच थांबतो. त्याच्या पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. तेथे शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण असावेत, हे नेमकेपणाने दिले आहे. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. रुग्णाला हितकर काय आणि अहितकर काय हे त्याला कळले पाहिजे. हितकर ते त्याने जवळ आणावे व अहितकर ते दूर सारावे. त्याने लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीच्या भावनेने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. आणि योग्य वेळी चार शब्द सांगून रुग्णाचे मन उभारण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी असावे.

या पाचांपैकी पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत. मैत्रीभाव तिसरा येतो. या क्रमाला फार अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. पण एवढे तर स्पष्ट आहे, की केवळ मनाचा चांगुलपणा शुश्रूषेला पुरेसा मानलेला नाही. त्याच ठिकाणी, ज्याची शुश्रूषा करणे अवघड जाते अशा रुग्णाची लक्षणेही दिली आहेत, आणि आपल्या दुखण्याची खरी स्थिती न सांगणे हे त्यांपैकी एक आहे. म्हणजे रुग्णाकडून नेमकी माहिती मिळविणे हा शुश्रूषेचाच भाग झाला.

आता पुढचा प्रश्न असा, की हितकर काय आणि अहितकर काय हे कळावे कसे? पूर्वापार चालत आले म्हणून? वरिष्ठांनी सांगितले म्हणून? पुस्तकात छापले आहे म्हणून? आधुनिक परिचर्याशास्त्राचे उत्तर असे आहे, की पाहून, मोजून, तुलना करून आणि नोंद ठेवून. पुराव्यावर आधारित रुग्णसेवा म्हणतात ती हीच. उपलब्ध संशोधनाचा सर्वांत भक्कम निष्कर्ष, परिचारिकेचा स्वतःचा अनुभव आणि रुग्णाची परिस्थिती व इच्छा, या तिन्हींचा मेळ घालून निर्णय करणे, असा तिचा अर्थ आहे.

मोजणी करणारी परिचारिका

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे हातात दिवा घेतलेले चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांनी घरोघरी पोहोचविले. त्यांच्या दुसऱ्या हातातील लेखणी मात्र चित्रात आली नाही. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन त्या क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. अहोरात्र सेवा होत असूनही त्या हिवाळ्यात सैनिक मोठ्या संख्येने मरतच राहिले. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोगाने तेथील गटारे, पाणी आणि हवा खेळण्याची व्यवस्था सुधारली, आणि मग मृत्यू वेगाने उतरले. मायदेशी परतल्यावर नाइटिंगेल यांनी विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाच्या साहाय्याने साऱ्या नोंदी तपासल्या. बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, हे त्यांनी रंगीत आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढे मांडले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचर्येची शाळा सुरू झाली, तिच्यामागे हा हिशेब होता.

त्याआधी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी प्रसूतिकक्षात शिरण्यापूर्वी क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागातील मातामृत्यूचे प्रमाण शेकडा १८ होते. जूनमध्ये ते शेकडा सुमारे २ वर आले. तरीही त्यांच्या समव्यावसायिकांनी ते मानले नाही. पुरावा समोर असणे आणि तो स्वीकारला जाणे, या दोन गोष्टींत अंतर असते. ते अंतर मिटविणे हे शिक्षणाचे काम आहे.

सेवेची परंपरा आपल्याकडे कमी नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने १० मार्च रोजी देह ठेवणाऱ्या सावित्रीबाई फुले आपल्याच आहेत. त्या सेवाभावाला मोजमापाची आणि नोंदीची जोड मिळाली म्हणजे काय घडते, याची दोन उदाहरणे आपल्या जवळच्या प्रदेशांतली आहेत.

गडचिरोलीचा धडा

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था स्थापन केली. तेथील खेड्यांत नवजात बालके मोठ्या प्रमाणावर दगावत होती आणि रुग्णालय दूर होते. तेव्हा त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. बाळ जन्मल्यावर ते पुसून कोरडे करणे, उबदार ठेवणे, लगेच आईच्या अंगावर पाजायला घेणे, वजन करणे, ठरलेल्या दिवशी घरी जाऊन तपासणे, हे सारे त्यांना शिकविले. बाळाचे रडणे क्षीण झाले आहे काय, ते ओढून पिईनासे झाले आहे काय, पेंगते आहे काय, अंग गार लागते काय, अशा मोजक्या लक्षणांवरून जंतुसंसर्ग ओळखणे आणि पालकांच्या संमतीने प्रतिजैविक देणे, हेही त्या शिकल्या. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे मिनिटभराचे श्वास मोजावे लागतात. ज्यांना साठपर्यंत मोजणे जड जाई, अशा सुइणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे उपकरण केले गेले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा.

या कामाची पडताळणी कशी केली, हे परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवून दोन्हीकडील जन्म-मृत्यूंची काळजीपूर्वक नोंद केली. सेवा मिळालेल्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्यूदर तीन वर्षांत सुमारे २५ पर्यंत खाली आला. हा अभ्यास डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून भारत सरकारने घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम आशा कार्यकर्तींकडे सोपविले. आज आपल्या गावातली आशाताई रुग्णालयात झालेल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, त्या भेटींच्या मुळाशी गडचिरोलीच्या त्या वह्या आहेत.

डॉ. राणी बंग यांचे १९८९ चे काम आणखी एक गोष्ट शिकविते. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली असता शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग असल्याचे आढळले. आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठच होत्या. त्या दवाखान्यात आल्या नाहीत म्हणून त्यांना दुखणेच नाही, असा समज तोवर निर्धास्तपणे चालला होता. विचारले नाही, तर कळत नाही. आणि विचारायचे तर रुग्णाच्या भाषेत विचारावे लागते. आपल्याकडची बाई 'अंगावरून जाते', 'ओटीपोटात कळा मारतात' असे सांगते. ते शब्द ओळखीचे असणे ही परिचारिकेची मोठी पात्रता आहे.

बेळगावच्या परिचारिका

दुसरे उदाहरण सीमाभागातील बेळगाव जिल्ह्याचे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. तो थांबविणारे ऑक्सिटोसिन हे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते आणि टोचण्यासाठी कुशल हात लागतो. खेड्यात, घरी किंवा उपकेंद्रात प्रसूती होत असता तोंडाने घ्यावयाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा उपयोग होईल काय, हा प्रश्न होता. तो सोडविण्याचे काम २००२ ते २००५ या काळात त्या जिल्ह्यातील खेड्यांत साहाय्यकारी परिचारिका प्रसाविकांनी केले. १,६२० मातांपैकी कोणाला औषधाची गोळी द्यावयाची आणि कोणाला तशीच दिसणारी बिनऔषधाची, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरविले होते, आणि देणारीलाही ते ठाऊक नव्हते. प्रत्येकीचा रक्तस्राव मोजला गेला. औषध मिळालेल्या गटात अतिरक्तस्राव शेकडा १२ वरून ६.४ वर आला. अत्यंत गंभीर रक्तस्राव शेकडा १.२ वरून ०.२ वर आला. हा अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला.

रक्त मोजण्यासाठी बेळगावात एक साधन तयार केले होते. बाळंतिणीखाली अंथरावयाचा प्लास्टिकचा पट आणि त्याच्या टोकाला मापाच्या रेघा असलेली पिशवी, एवढेच ते साधन. त्याच्याशी तुलना केली असता असे दिसले, की केवळ डोळ्यांच्या अंदाजाने रक्तस्राव सुमारे एकतृतीयांश कमी धरला जातो. अनुभवी डोळाही चुकतो. मापाची रेघ चुकत नाही. पुढे आफ्रिकेतील चार देशांत मापाची अशीच पिशवी वापरून रक्तस्राव वेळेवर ओळखला आणि सर्व उपाय एकदमच केले, तेव्हा गंभीर परिणामांचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाला.

या दोन्ही उदाहरणांत रुग्णाजवळ असणाऱ्या स्त्रीने शिस्तीने नोंद केली, म्हणूनच मोठे ज्ञान हाती आले. परिचारिका ही आदेश पाळणारी आहे, पण तेवढीच नाही. पुरावा गोळा करणारीही तीच आहे.

जुने सोडण्याचे धैर्य

येथे स्वतःचा एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या शिक्षणकाळात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीची काळजी शिकविताना लालसर झालेली जागा स्पिरिट आणि पावडर लावून चोळावयास शिकविले जाई. एकदा मी विचारले, ''मॅडम, चोळल्याने कातडी आणखी दुखावणार नाही का?'' उत्तर मिळाले, ''परीक्षेत असेच लिहायचे असते.'' मी तसेच लिहिले, गुणही मिळाले. पुढे कितीतरी रुग्णांच्या पाठी मी मनापासून चोळल्या. नंतर वाचनात आले, की हाडाच्या उंचवट्यावरील लाल झालेली जागा चोळू नये, असे आज जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण दबलेल्या भागाला त्याने इजा वाढते. कूस वेळच्या वेळी बदलणे, त्वचा कोरडी व स्वच्छ ठेवणे, दाब हलका करणे आणि पोषण सांभाळणे, हेच खरे उपाय. माझ्या सेवाभावात कसूर नव्हती. मला दिलेल्या ज्ञानात होती, आणि ते तपासण्याची सवय मला कोणी लावली नव्हती. त्या रुग्णांची आठवण मला आजही होते.

अशा आणखी कितीतरी गोष्टी आहेत. प्रसूतीपूर्वी सरसकट एनिमा देणे व केस काढणे, कळा येत असता पोट वरून दाबणे, यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करीत नाही. बाळाला जन्मतःच अंघोळ न घालता शक्यतो २४ तास थांबावे, असे ती सांगते. घरातही चीक पिळून टाकणे, घुटी देणे, नाळेला हळद-तेल लावणे चालते. नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवणे आपल्या दवाखान्यांतून सांगितले जाते, आणि पहिला चीक हे बाळाचे पहिले संरक्षण होय. उलट, कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या साध्या उपायाला, ज्याला कांगारू पद्धत म्हणतात, भक्कम पुरावा मिळाला आहे. दिल्लीसह पाच देशांतील पाच रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच असे ठेवलेल्या बाळांमध्ये २८ दिवसांच्या आतील मृत्यू शेकडा १५.७ ऐवजी १२ झाले.

आजीबाईंना तुमचे सारेच चूक, असे सांगून काही साधत नाही. बाळाला शेकणे, गुंडाळणे, बाळंतिणीला विसावा देणे यांमागची त्यांची माया खरी असते. तिला मान देऊन, का ते समजावून सांगितले, तर त्या ऐकतात. पाचवा गुण म्हणतात तो हाच.

शिक्षण कसे असावे

शिक्षणाने खरेच फरक पडतो काय, यालाही पुरावा आहे. युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण शेकडा दहाने अधिक असेल, तेथे रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली; आणि प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की ती शक्यता तेवढीच वाढलेली दिसली. म्हणजे चांगले शिक्षण आणि पुरेशी संख्या, दोन्ही हवे. एका परिचारिकेवर चाळीस खाटा सोपवून तिच्याकडून पुराव्याची अपेक्षा धरणे हा अन्याय आहे. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत १२ नवजात बालकांसह २४ रुग्ण दगावले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण अत्यवस्थ होऊन नांदेडला पोहोचणाऱ्या प्रत्येक बाळामागे गावापासून सुरू झालेला एक प्रवास असतो, आणि त्याच्या प्रत्येक टप्प्यावर जाणती परिचारिका असणे हे आपल्या हिताचे आहे.

आपल्याकडे साहाय्यकारी परिचारिका प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका तीन वर्षांची आणि पदवी चार वर्षांची आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये पदवी अभ्यासक्रम नव्याने आखून पाठांतरापेक्षा प्रत्यक्ष क्षमतेवर भर दिला; संशोधन आणि सांख्यिकी हा विषय त्यात आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. कागदावरची दिशा योग्य आहे. ती वर्गात आणि वॉर्डात उतरण्यासाठी पुढील गोष्टी व्हाव्यात, असे वाटते.

पहिली गोष्ट, प्रत्येक कृतीसोबत 'का' शिकविले जावे, आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलीला उद्धट समजू नये. दुसरी, रुग्णावर हात ठेवण्यापूर्वी पुतळ्यावर आणि कौशल्य प्रयोगशाळेत पुरेसा सराव व्हावा. तिसरी, वॉर्डात आठवड्यातून एकदा एखाद्या रुग्णाची नोंदवही समोर ठेवून काय केले, काय राहिले, पुरावा काय सांगतो, याची चर्चा व्हावी. त्यात दोषारोप नसावा. चौथी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीसमोर पहिल्याच दिवशी जाडजूड इंग्रजी ग्रंथ येतो. समजत नाही म्हणून ती पाठ करते, आणि पाठ केलेले तपासता येत नाही. पहिली सहा महिने मराठीतून संकल्पना समजाव्यात, सोबत इंग्रजीही पक्के करावे. कारण नवे संशोधन त्या भाषेतून येते. मराठी, गोरमाटी, दखनी उर्दू बोलणाऱ्या रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलता येणे हे आपल्या मुलींचे बळ आहे; त्याची लाज वाटू नये.

पालक आणि माजी विद्यार्थ्यांसाठी

पालकांना विनंती अशी, की प्रवेश घेताना इमारत आणि जाहिरात पाहून निर्णय करू नये. संस्थेला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता आहे काय, पदवीसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता आहे काय, हे कागद मागून पाहावे. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी खरोखर रुग्ण असलेले रुग्णालय आहे काय, तेथे मुली आठवड्यातून किती दिवस जातात, शिकविणाऱ्या अध्यापिका किती आहेत, हे आधीच्या विद्यार्थिनींना विचारावे. हजेरी न लावता पदविका देण्याचे आमिष कोणी दाखविले, तर तेथून उठून यावे. असे प्रमाणपत्र घेतलेली आपलीच मुलगी उद्या कोणाच्या तरी आईच्या उशाशी उभी राहणार आहे.

माजी विद्यार्थ्यांत आज परिचारिका, ब्रदर, आरोग्यसेविका, औषधनिर्माते आहेत. त्यांनी वर्षातून दोन-तीनदा वसतिगृहात यावे. मुलांना नाडी आणि श्वास मोजावयास शिकवावे, ताप लिहून त्याचा आलेख काढावयास लावावे, हात धुण्याची रीत दाखवावी. आठवीच्या विद्यार्थ्याने आपल्याच खोलीतील जुलाबाच्या रुग्णांची महिनाभर नोंद ठेवली आणि पाणी उकळण्यापूर्वीचे व नंतरचे आकडे ताडून पाहिले, तर पुरावा म्हणजे काय हे त्याला कोणत्याही ग्रंथाहून लवकर कळेल. आपली ग्रंथसंपदा वाढविताना परिचर्येची नवी पुस्तके, आणि डॉ. राणी बंग यांच्या 'कानोसा'सारखी मराठी पुस्तके, आवर्जून घ्यावीत.

त्या आजारी भिक्खूपाशी पाणी होते, माणसेही होती. पण जवळ जाऊन पाहणारे कोणी नव्हते. आज आपल्या मुली जवळ जाण्यास तयार आहेत. जवळ गेल्यावर काय पाहावे, काय मोजावे आणि काय टाळावे, हे त्यांना उत्तम रीतीने शिकविण्याची जबाबदारी संस्था, पालक आणि माजी विद्यार्थी या नात्याने आपणा सर्वांची आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने तिचा आरंभ एखाद्या लहानशा नोंदवहीपासून झाला, तरी ते पुरेसे समाधान होईल.